दोनशे पंचाहत्तर चित्रे

२००६ सालची गोष्ट. तृतीय वर्ष कला शाखेच्या वर्गाला मी साहित्यकृतीचे माध्यमांतर हा घटक शिकवायला घेतला होता. ना. ह. आपटे यांची ‘न पटणारी गोष्ट’ ही कादंबरी आणि तिच्यावरून व्ही. शांताराम यांनी प्रभातसाठी १९३७ साली केलेला ‘कुंकू’ अशी जोडी निवडली होती. कादंबरीतला उतारा वर्गात वाचून दाखवता येतो, चित्रपट मात्र बोलून दाखवता येत नाही. काकासाहेबांच्या घरातले ते जुने घड्याळ चित्रपटात केवढे काम करते, हे मी पाच-सात मिनिटे जीव तोडून सांगत राहिले तरी मागच्या बाकांवरच्या चेहऱ्यांवर काही उमटेना. मग ठरवले, घड्याळाची तीन-चार चित्रेच काढावीत आणि पडद्यावर लावावीत. महाविद्यालयात तेव्हा नुकताच प्रोजेक्टर आला होता. त्याच्या खोलीची किल्ली उपप्राचार्यांच्या खणात असे आणि ती मागताना आपण काहीतरी गैर करीत आहोत असे उगाच वाटे.

घरच्या संगणकावर विंडोज एक्सपी होती. सीडी लावली, घड्याळ आले तिथे थांबवले, कळफलकावरचे ‘प्रिंट स्क्रीन’ दाबले, ‘पेंट’ उघडून चिकटवले. प्लेअरची चौकट आली, बटणे आली, वरची पट्टी आली. मधोमध जिथे घड्याळ असायला हवे होते तिथे मात्र एक काळाकुट्ट आयत. पुन्हा केले, पुन्हा तेच. वैतागून चित्रपट पुढे सुरू केला, तर ‘पेंट’मधल्या त्या काळ्या आयतात नीरा चालू लागली! मी काढलेल्या चित्रातून चित्रपट आरपार दिसत होता. क्षणभर भीतीच वाटली.

दुसऱ्या दिवशी संगणकशास्त्राच्या एका सहकाऱ्याने खुलासा केला. त्या काळच्या यंत्रांत चलच्चित्र पडद्यावरच्या इतर गोष्टींबरोबर रंगवले जात नसे. संगणक त्या जागी एका ठरावीक रंगाचे भोक पाडून ठेवी आणि चित्रपट ग्राफिक्स कार्डातून थेट त्या भोकात सोडला जाई. मी प्रत काढली होती ती भोकाची. तेच भोक ‘पेंट’मध्ये चिकटवून नेमक्या त्या जागी ठेवल्यावर चित्रपट तिथूनही दिसू लागला. उपाय सोपा होता : प्लेअरच्या पर्यायांत जाऊन व्हिडिओचे प्रवेगन बंद करायचे, मग चित्र सुखासुखी निघते. घड्याळाची चित्रे निघाली, वर्गात लागली, मागचे बाकही जरा पुढे झुकले. एवढ्याशा यशाने मी इतकी हुरळले की पुढची काही वर्षे हाच माझा छंद होऊन बसला.

या छंदाने मला एक गोष्ट शिकवली, ती आधी कळायला हवी होती. चित्रपटविषयक पुस्तकांतून आपण जी छायाचित्रे पाहत आलो, त्यांतली बरीचशी चित्रपटातली नसतातच. सेटवर एक वेगळा स्थिरचित्रकार असे. प्रसंगाचे चित्रीकरण झाले की नटांना पुन्हा उभे करून तो आपल्या कॅमेऱ्याने फोटो घेई. ते फोटो जाहिरातीत जात, चित्रपटगृहाच्या दर्शनी काचेत लागत आणि पुढे पुस्तकांत. प्रकाशयोजना वेगळी, कोन वेगळा. कधी कधी तर अशी मांडणी, जी चित्रपटात एकही क्षण येत नाही. ‘आलम आरा’ (१९३१) या आपल्या पहिल्या बोलपटाची एकही प्रत आज उरलेली नाही. उरले आहेत ते असे काही फोटो. म्हणजे तो चित्रपट आपल्याला ज्या प्रतिमांतून माहीत आहे, त्या त्याच्या रिळांवर कधी नव्हत्याच.

याच वर्गातली आणखी एक आठवण सांगायचा मोह आवरत नाही. सत्यजित राय यांच्या ‘चारुलता’चा (१९६४) शेवट दाखवत होते. भूपती दारात येतो, चारू हात पुढे करते, तोही हात पुढे करतो, आणि दोन हात एकमेकांपर्यंत पोचायच्या आत चित्र थिजते. मग एकामागून एक थिजलेली चित्रे : तिचा चेहरा, त्याचा चेहरा, दिवा घेऊन उभा असलेला नोकर. वर्गात शांतता. आणि तेवढ्यात मागून एक प्रामाणिक आवाज : “मॅडम, सीडी अडकली.” सगळे हसले, मीही हसले. पण त्या मुलाचे फारसे चुकले नव्हते. आमच्या सगळ्यांच्या घरी त्या काळात सीड्या अडकतच होत्या. चित्र थांबते म्हणजे काहीतरी बिघडलेले असते, हाच आमचा अनुभव होता.

हा सगळा उद्योग मी एक दिवस माझ्या आईसाठी करीन असे मात्र कधी वाटले नव्हते.

आई नोव्हेंबर २०२२ मध्ये गेली. वर्षश्राद्धाच्या आधी भिंतीवर लावायला फोटो हवा होता, आणि घरात आईचा धड फोटो नव्हता. आमच्या पिढीतल्या अनेकांचा हाच अनुभव असेल. फोटोत सगळे असतात; आई एक तर आत चहा टाकत असते किंवा कडेला अर्धी कापली गेलेली असते. होता तो बँकेच्या खातेपुस्तकावरचा, पासपोर्ट आकाराचा, डोळे विस्फारलेला फोटो. तोच मोठा करून घ्यावा असे दादाचे म्हणणे. स्टुडिओवाला हल्ली मागची पार्श्वभूमी बदलून देतो, साडीसुद्धा बदलून देतो म्हणे. मला ते पटेना. तेव्हा ताईच्या लग्नाची कॅसेट आठवली.

ताईचे लग्न मे १९९५ मध्ये कऱ्हाडला झाले. मी तेव्हा सोळा वर्षांची. फोटोग्राफरने दोन रोल संपवले होते, म्हणजे बहात्तर फोटो, आणि त्यांतल्या एकाही फोटोत आई नीट नाही. पण व्हिडिओवाला दिवसभर फिरत होता. त्याच्यामागे तो प्रखर दिवा धरणारा पोऱ्या, त्या दिव्याची वायर सांभाळणारा दुसरा पोऱ्या, आणि जिथे उजेड पडेल तिथे पदर सावरून एकदम गप्प होणाऱ्या बायका. ती कॅसेट लोखंडी कपाटात सत्तावीस पावसाळे काढून बसली होती. फितीवर बुरशी धरलेली. पुण्यातल्या एका जुन्या जाणकाराने ती साफ करून, चालवून, तिची फाइल करून पेन ड्राइव्हवर दिली. तीन तासांचे चित्रण. आपल्याकडच्या दूरचित्रवाणीच्या पद्धतीत सेकंदाला पंचवीस चित्रे. म्हणजे दोन लाख सत्तर हजार चित्रे. बहात्तर फोटोंत जी सापडली नाही, ती एवढ्यांत कुठेतरी असणारच, असा माझा हिशेब होता.

मिक्सिंगवाल्याने आपली कला सढळ हाताने दाखवली होती. आईचा एकमेव जवळून घेतलेला चेहरा त्याने बदामाच्या आकारात बसवून वर गुलाबाच्या पाकळ्या पाडल्या होत्या. तो बाद. बाकी ठिकाणी आई दूर, पाठमोरी, घाईत. शेवटी झालीचा प्रसंग आला. वेताच्या टोपलीत कणकेचे पेटते दिवे ठेवून ती टोपली वरपक्षाच्या एकेकाच्या डोक्यावर क्षणभर टेकवतात. आई आणि आप्पा दोघांनी टोपली धरली आहे. ताईच्या सासऱ्यांच्या टकलावर ती टेकवताना एक दिवा कलतो, तेल सांडेल की काय म्हणून सासरे मान आखडतात, आणि आई हसते. पदराने तोंड झाकायला हात मोकळे नाहीत म्हणून सगळ्यांसमोर, मोठ्याने हसते. तो प्रसंग अकरा सेकंदांचा आहे. आईचे वय त्यात सेहेचाळीस, म्हणजे आज माझे आहे तेवढेच.

अकरा सेकंद म्हणजे दोनशे पंचाहत्तर चित्रे. व्हीएलसीमध्ये ‘ई’ हे अक्षर दाबले की चित्र एकेक पाऊल पुढे सरकते, आणि शिफ्टसकट ‘एस’ दाबले की समोरचे चित्र फाइल होऊन जाते. प्लेअरच चित्र काढून देतो म्हटल्यावर भोकाचा प्रश्नच उरत नाही. मात्र एक अडचण होती. माझ्याकडच्या व्हीएलसीत एकेक पाऊल पुढे जाता येते, एकेक पाऊल मागे येता येत नाही. कारण समजून घेतले तेव्हा गंमत वाटली. अशा फाइलीत प्रत्येक चित्र पुरतेपणी साठवलेलेच नसते. साधारण दर बारा-पंधरा चित्रांनंतर एक पूर्ण चित्र, आणि मधल्यांसाठी फक्त ‘शेजारच्या चित्रापेक्षा काय बदलले’ एवढीच नोंद. हात हलला तर हाताची नोंद. मागची भिंत तशीच, म्हणून तिची नोंद नाही. मागे यायचे म्हणजे आधीच्या पूर्ण चित्रापर्यंत उडी मारून पुन्हा सगळे बदल जमवत यायचे. तेव्हा चुकून एक चित्र पुढे गेले की दहा सेकंद मागे जायचे आणि पुन्हा ‘ई’, ‘ई’, ‘ई’. त्या रात्री मी ते अक्षर किती वेळा दाबले असेल कोण जाणे. दुसऱ्या दिवशी तर्जनी दुखत होती.

आणि त्या दोनशे पंचाहत्तर चित्रांत आईचे हसू नव्हते.

हे मी अलंकारिक बोलत नाही. चालत्या चित्रात ती स्पष्ट, खळखळून हसते. थांबवले की प्रत्येक चित्रात काहीतरी दुसरेच. एकात डोळे मिटलेले आणि ओठ ताणलेले, जणू काही दुखते आहे. पुढच्यात तोंड उघडे, कुणाला हाक मारल्यासारखे. एका चित्रात तर ती सरळ सरळ रडते आहे. अनोळखी माणसाला दाखवले असते तर पाठवणीचा प्रसंग असेल म्हणाला असता. हसण्याचे दोन सेकंद, म्हणजे पन्नास चित्रे मी पुन्हा पुन्हा पाहिली. शिल्पकार रोदँ याने पॉल ग्सेलशी केलेल्या संवादात (१९११) असे काहीसे म्हटले आहे, की कलावंत खरे सांगतो आणि छायाचित्र खोटे, कारण वस्तुतः काळ थांबत नाही. विद्यार्थ्यांना हे सांगताना मी ते एका चमकदार माणसाचे चमकदार विधान म्हणून सांगत असे. त्या रात्री ते मला तक्रारीसारखे वाटले, आणि रास्त वाटले.

बरे, जे एक चित्र म्हणतो तेही एक नव्हते. त्या काळच्या व्हिडिओत प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत टिपले जाई : आधी एकाआड एक रेषा, मग सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर उरलेल्या रेषा. माणूस स्थिर असेल तर दोन्ही हप्ते बेमालूम जुळतात. हात हलत असेल तर थांबवलेल्या चित्रात त्या हाताच्या कडा कंगव्याच्या दातांसारख्या दिसतात, एक दात आधीच्या क्षणाचा, एक नंतरचा. ‘डीइंटरलेस’ नावाचा पर्याय वापरून ते दात घासून टाकता येतात. पण मग आपण पाहतो ते अर्ध्या रेषांवरून संगणकाने भरून काढलेले चित्र.

मी हे दात इतक्या बारकाईने पाहत होते त्याला आणखी एक कारण होते, आणि ते लिहावे की नाही यावर मी बरेच दिवस घालवले आहेत.

आईच्या पाटल्या होत्या. आजीकडून आलेल्या, जाड, नक्षीच्या. आप्पा १९९७ साली गेले. त्यानंतर आईच्या हातात काही नसे. “पाटल्या कुठे आहेत?” असे कुणी विचारले की “लॉकरमध्ये” असे एका शब्दात उत्तर येई. आई गेल्यावर आम्ही तिघांनी मिळून लॉकर उघडला. त्यात दोन अंगठ्या, एक मोहनमाळ, घराची कागदपत्रे आणि माझ्या मुंजवयातल्या भावाच्या कानातली भिकबाळी निघाली. पाटल्या नव्हत्या. कुणी काही बोलले नाही. आई शेवटची सहा वर्षे दादाकडे होती. पंधरा दिवसांनी फोनवर इतर काहीबाही बोलून झाल्यावर ताई म्हणाली, “तुझ्या वहिनीला ठाऊक असेल.” एवढेच वाक्य. ते मी पुढे कुणाला सांगितले नाही, पण ते पुसलेही गेले नाही. दादाच्या घरी गेले की वहिनीने केलेला चहा घेताना ते वाक्य माझ्या बशीत असायचे.

आणि आता माझ्यासमोर १९९५ सालच्या आईचे हात होते. टोपली धरायला वर उचललेले. पदर खांद्यावरून सरकलेला, हिरवा चुडा घरंगळून कोपराकडे गेलेला, दोन्ही मनगटे उघडी आणि त्यांच्यावर दिव्यांचा उजेड. पाटल्या हातात असतील तर त्या तोवर तरी होत्या. नसतील, तर त्या ताईच्या लग्नाच्या खर्चात आधीच गेल्या असणार, आणि ‘लॉकरमध्ये’ हा शब्द आईने सत्तावीस वर्षे आमच्यासाठी सांभाळला असणार. वहिनी या घरात आली ती १९९९ साली.

धावत्या घोड्याचे चारही खूर एकाच वेळी जमिनीवरून उचलले जातात का, या प्रश्नाचा निकाल १८७८ साली एडवर्ड मायब्रिज याने लावला, हे आपण चित्रपटाच्या इतिहासात शिकवतो. लेलंड स्टॅनफर्ड या धनाढ्य माणसाच्या कॅलिफोर्नियातल्या आवारात त्याने धावपट्टीच्या कडेने बारा कॅमेरे मांडले, घोड्याच्या पायांनी दोरे तुटत गेले, कॅमेरे उघडत गेले, आणि डोळ्याला जे ठरवता येत नव्हते ते फोटोंनी ठरवले : उचलले जातात. मलाही तेवढेच हवे होते. हो की नाही.

उजव्या मनगटावर एक पिवळसर डाग आहे.

मोठे करून पाहिले. मनगट रुंदीला जेमतेम वीस पिक्सेलचे. आणखी मोठे केले की चौकोन दिसू लागतात, मनगट नाहीसे होते. शिवाय व्हीएचएस फितीची गोम अशी की तिच्यावर उजेड-अंधाराचा तपशील आडव्या दिशेने सुमारे दोनशे चाळीस रेषांइतका टिकतो, रंगाचा मात्र चाळिसाच्या आसपासच. रेषा बारीक आणि रंग ढोबळ, लहान मुलाने आकृतीबाहेर रंग सांडावा तसा. आईच्या साडीचे काठ पिवळे होते. टोपलीत दिवे पिवळे होते. हातांना हळद लागलेली असणार. त्या डागात पाटली असू शकते, आणि काठाचा रंग सरकून मनगटावर आलेलाही असू शकतो. हात हलत असल्यामुळे कंगव्याचे दात नेमके तिथेच. दात घासले तर डाग पसरतो. न घासले तर तुटक दिसतो. मायब्रिजचा घोडा नशीबवान.

दादाच्या मुलाला सहज म्हणून (सहज कुठले!) ते चित्र पाठवले. कारण काय ते सांगितले नाही, फक्त जरा स्पष्ट होते का बघ म्हटले. त्याने मोबाइलवरच्या कुठल्याशा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ॲपमधून काढून दोन मिनिटांत परत पाठवले. चेहरा काचेसारखा स्वच्छ. फक्त तो आईचा नव्हता, दातांची रांग तर कुणा नटीची होती. आणि मनगटावर पाटली. लखलखीत, काठावर बारीक रवे, मधे वेलबुट्टी. आजवर त्या यंत्राने पाहिलेल्या असंख्य हातांवरून त्याने अंदाज बांधला होता की इथे पिवळे आहे म्हणजे दागिना असणार, आणि घडवून दिला. सोनार नको, मजुरी नको. ते चित्र मी लगेच पुसून टाकले. पण पुसण्याआधी दोन-तीन वेळा पाहिले, हेही कबूल करते.

मूळ चित्र मग मी दादाला आणि ताईला, दोघांनाही वेगवेगळे दाखवले. ही माझी चूक होती असे आता वाटते. दादा चष्मा वर करून, मोबाइल नाकाशी नेऊन म्हणाला, “हे काय, दिसतायत की पाटल्या.” असे म्हणताना तो आपल्याच बायकोच्या विरुद्ध साक्ष देतो आहे हे त्याच्या ध्यानीही नव्हते, ताईचे ते वाक्य त्याच्यापर्यंत पोचलेलेच नव्हते. ताईने ते चित्र कितीतरी वेळ पाहिले. मग म्हणाली, “नाहीत गं. काठ आहे तो.” आणि जरा थांबून, माझ्याकडे न पाहता : “माझ्या अंगावर किती होतं बघ त्यात.” त्यापुढे ती बोलली नाही, मीही विचारले नाही. ताईच्या गळ्यात तन्मणी होता, कोल्हापुरी साज होता, हातात बिलवर होते. चित्राच्या डाव्या कडेला ती अर्धीच दिसते, पण दिसते.

भिंतीवरच्या फोटोचा प्रश्न यातून सुटला नव्हताच. शेवटी मी एकशे ब्याण्णवावे चित्र घेतले. हसून झाले आहे, टोपली खाली आली आहे, एक हात पदराकडे निघालेला पण अजून पोचलेला नाही. आई चौकटीबाहेर कुणाकडे तरी बघते आहे. कडेने व्हिडिओवाल्याची वायर जाते; ती मी कापली नाही. चेहरा किंचित अस्पष्ट आहे. फ्रेमवाल्याने दोनदा विचारले, “मॅडम, हाच द्यायचाय ना?”

वर्षश्राद्धाला सगळे दादाकडे जमलो. जेवणे झाल्यावर भाच्याने ती फाइल टीव्हीवर लावली. मी त्याला झालीचा प्रसंग कुठे आहे ते सांगितले. खरे तर माझ्या मनात होते की सगळ्यांसमोर, मोठ्या पडद्यावर, काय ते दिसू दे. टोपली वर गेली, हात वर गेले, चुडा घरंगळला. मी मनगट शोधेपर्यंत दिवा कलला, सासऱ्यांनी मान आखडली, आणि खोलीतले सगळे आईबरोबर हसले. सासरे आता नाहीत. तेही पडद्यावर हसत होते. मनगटाकडे कुणीच पाहिले नाही. मीही चुकले.

वहिनी दाराशी उभी होती, हातात सुपारीचे तबक. तिने आईला पाहिले ते आप्पा गेल्यानंतरचे, पांढऱ्या कपाळाचे, मोकळ्या हातांचे. हसू आले तर आई स्वयंपाकघरात निघून जायची.

“आई अशा हसायच्या?” वहिनीने विचारले.

कुणी उत्तर दिले नाही. तिने तबक खाली ठेवले, भाच्याला म्हणाली, “परत लाव रे जरा.”